परक्याच्या लढाईत आपली फौज

प्रश्न : आमच्या यंत्रमाग कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत रोज वाद पेटतो. बाहेरच्या देशातल्या युद्धात भारतानं सैन्य धाडावं, असं बहुतेकांचं म्हणणं. मी नको म्हटलं की 'भित्रा' ठरतो. माझं चुकतंय का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. २९ जुलै १९८७ ला श्रीलंकेशी करार झाला, तेव्हा पार्क चौकात चहा पिताना मीही छाती फुगवून बोलत होतो. आपली शांतिसेना गेली तमिळ बंडखोरांची शस्त्रं उतरवायला आणि ऑक्टोबरात त्यांच्याशीच लढत बसली. मार्च १९९० मध्ये परतेपर्यंत हजाराहून जास्त जवान गेले. वर मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी फिरकलेच नाहीत. (जवानांचा त्यात काय दोष, हे मला आजही उमगत नाही.)

पण 'कधीच नको' हा हट्टही सोडा. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवच्या सरकारनंच हाक दिली, तेव्हा आपल्या छत्रीधारी सैनिकांनी तिथलं बंड झटपट मोडलं.

राहिला 'भित्रा' शब्द. जुलै २००३ मध्ये अमेरिकेनं मागूनही वाजपेयी सरकारनं इराकला सैन्य दिलं नाही. त्यांनाही हाच शब्द लावणार का, उद्या डबा उघडताना विचारा.