मूळ नोंद घरात हवी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. मूल्यांकन समिती येण्याआधी ग्रंथालयाचा ब्लॉग, विकी (अनेकांनी मिळून लिहायची व दुरुस्त करायची पाने) आणि बातम्यांची फीड (नवे मथळे आपोआप आणून देणारी यादी) अशा तिन्ही गोष्टी सुरू झालेल्या दिसल्या पाहिजेत असे प्राचार्यांनी सांगितले, पण यांतले काय कशासाठी करायचे हे कोणी सांगत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. मात्र ब्लॉगची रचना आणि रंग कोणते निवडावेत, हे तू पत्रात दोन ठिकाणी विचारले आहेस, आणि खाते कोणाच्या नावाने उघडायचे व नोंदींची प्रत कोठे ठेवायची, हे एकदाही विचारलेले नाहीस. म्हणून हे पत्र लांबणार आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पाच सूत्रे तुला तोंडपाठ आहेत. त्यांची उजळणी मी करत नाही.

तुझ्या कपाटातली दाखल नोंदवही उघडून बघ. पुस्तक हरवले, वाळवीने खाल्ले, निर्लेखित होऊन संग्रहातून गेले, तरी त्याचा दाखल क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहून सही करतात आणि ती ओळ तशीच राहते. आपल्या पेशाची पत या शिस्तीवर टिकून आहे, आणि ब्लॉग, विकी किंवा फीड यांना तिच्यातून सूट मिळालेली नाही. वाचकाला दिसणारे पान कोठेही राहो, मूळ नोंद ग्रंथालयाच्या घरात, ग्रंथालयाच्या नावाने हवी.

हे म्हाताऱ्याचे खूळ आहे असे तुला वाटेल. वाटू दे. फुकट संकेतस्थळे देणाऱ्या जिओसिटीजवरची पाने २००९ साली गेली. फीड वाचण्याची सोय देणारे गूगल रीडर बंद होणार अशी घोषणा २०१३ च्या मार्चमध्ये झाली आणि १ जुलैला त्याला कुलूप लागले. शिक्षक आणि ग्रंथपाल ज्याच्यावर मोठ्या विश्वासाने पाने उघडत, ते विकिस्पेसेस २०१८ साली गुंडाळले गेले. याहू ग्रुप्सवरचे चर्चागट २०२० साली. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले. आता विचार कर, की तू स्वतःच्या जीमेलवरून महाविद्यालयाचा ब्लॉग काढलास आणि तुझी बदली झाली किंवा तू लग्न होऊन परगावी गेलीस, तर त्या ब्लॉगची किल्ली कोणाकडे राहील? ग्रंथालयाच्या पदनामाचे स्वतंत्र ईमेल काढ, ब्लॉगवर निदान दोघांना प्रशासक कर आणि परवलीचा शब्द पाकिटात मोहोरबंद करून कार्यालयाच्या तिजोरीत ठेव. हे सगळे पहिली नोंद टाकण्यापूर्वी व्हायला हवे.

मी ज्या महाविद्यालयात होतो तेथे संकेतस्थळाचे कंत्राट बदलले. नव्या माणसाने नवे, देखणे संकेतस्थळ उभे केले आणि जुन्यावरचा ग्रंथालयाचा सगळा मजकूर वाऱ्यावर सोडला. मी दर वर्षअखेर ब्लॉगच्या नोंदी छापून, बाइंडिंग करून फडताळात ठेवत असे आणि निर्यात केलेली फाइल वेगळ्या डिस्कवर उतरवत असे. ‘ब्लॉग छापणारा ग्रंथपाल’ म्हणून स्टाफरूममध्ये माझी बरीच चेष्टा झाली होती. संकेतस्थळ गेल्यावर एका संशोधक विद्यार्थिनीला जुनी सूची हवी झाली, तेव्हा ती त्याच बांधीव खंडांतून मिळाली. चेष्टा करणाऱ्यांपैकी कोणी त्यानंतर त्याबद्दल बोलल्याचे आठवत नाही. असो. कागदाचा खर्च वाया गेला असे लेखापरीक्षणातही कोणी म्हटले नाही, एवढे नमूद करून ठेवतो.

आता फीड. तुझ्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची मुले सकाळपासून बसलेली असतात. त्यांना चालू घडामोडी हव्या असतात, आणि व्हॉट्सॲपवर फिरून आलेले, तारीख नसलेले तुकडे ती वहीत उतरवून घेतात. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची फीड घे, तुमच्या विषयांच्या नियतकालिकांच्या फीड घे आणि ग्रंथालयात कोहा ही संगणकप्रणाली असेल तर त्याच्या शोधनिकालांचीही फीड निघते, ती विषयवार प्राध्यापकांना दे, म्हणजे नवे पुस्तक तालिकेत, म्हणजे ग्रंथसूचीत चढले की त्यांना आपोआप कळेल. पूर्वी आपण नवागत ग्रंथांची यादी सूचनाफलकावर लावत होतो आणि वर्तमानपत्रांची कात्रणे विषयवार चिकटवत होतो, तेच हे काम आहे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

पण फीड ही नोंद नव्हे, हे मनात पक्के धर. फीडमध्ये फक्त ताजे मथळे असतात. नवे आले की जुने खालून गळून जातात, आणि सहा महिन्यांनी दुव्यावर टिचकी मारावी तर पान सापडत नाही. म्हणून जे कामाचे आहे त्याचे टिपण त्याच दिवशी करायचे: मथळा, प्रकाशन, तारीख, पृष्ठ, आपण पाहिल्याचा दिनांक आणि दोन ओळींचा सारांश. पूर्ण बातमी उचलून ब्लॉगवर चिकटवायची नाही, तो दुसऱ्याचा मजकूर आहे. शासन निर्णयाचे तर मुद्दाम सांगतो. त्याच्या शेवटी ‘त्याचा संकेतांक … असा आहे’ असे वाक्य असते आणि त्यात अंकांची लांब रांग असते, जिची सुरुवात वर्ष, महिना आणि दिवस यांनी होते. मुले नुसता दुवा जपून ठेवतात. तू संकेतांक उतरवून घे आणि पीडीएफची प्रत आपल्या संगणकावर ठेव. दुवे बदलतात, पण संकेतांकावरून तो निर्णय पुन्हा शोधता येतो. फीड कोणत्या घेतल्या आहेत त्याची यादीही फीड वाचायच्या प्रणालीतून फाइलरूपाने काढून घेता येते. ती महिन्यातून एकदा काढ. पुन्हा तेच म्हणतो आहे, हे मला ठाऊक आहे.

विकीबद्दल तू सर्वांत कमी लिहिले आहेस आणि माझ्या मते तुला खरी गरज त्याचीच आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिला विकी उघडला तो प्रोग्रामरांना एकमेकांचे अनुभव झटपट लिहिता यावेत म्हणून. ग्रंथालयातही त्याची जागा आधी देवघेव टेबलामागे आहे, वाचकांसमोर नंतर. आमच्याकडे एक ग्रंथालय परिचर होते. जुन्या वृत्तपत्रांचे खंड कोणत्या खोलीत आहेत, कोणत्या वर्षाचा खंड बाइंडरकडून परत आलाच नाही, देणगीत आलेल्या कोणत्या पेटीत पत्रे आहेत आणि कोणत्या पेटीत नुसत्या लग्नपत्रिका, हे सगळे त्यांच्या डोक्यात होते. ते लिहून घेण्यासाठी विकी बसवू द्या, असे मी ग्रंथालय समितीपुढे मांडत राहिलो. ‘हे आपल्याला माहीतच आहे’ असे म्हणून विषय पुढच्या सभेवर जात राहिला, आणि ते सेवानिवृत्त झाले. पुढे त्यांची गाठ पडली नाही. त्याची रुखरुख अजून जात नाही.

तेव्हा तू परवानगीची वाट बघत बसू नकोस. डोकुविकी ही विकी चालवायची प्रणाली घे. तो पाने साध्या मजकूर-फायलींत साठवतो, त्याला वेगळा डेटाबेस लागत नाही; एक फोल्डर डिस्कवर उतरवले की जुन्या आवृत्त्यांसकट सगळा विकी तुझ्या हाती राहतो. मी त्याची शिफारस का करतो हे आता वेगळे सांगायला नको. वाचकाने विचारलेला प्रत्येक अवघड प्रश्न, उत्तर कोठे सापडले आणि कोठे शोधून सापडले नाही, हे त्यात लिही. न सापडल्याची नोंद पुढच्या माणसाचा दिवस वाचवते.

विकिपीडिया हे वेगळे प्रकरण आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि त्यातल्या लेखांत जागोजागी चौकटी कंसात ‘संदर्भ हवा’ असे लिहिलेले तुला दिसेल. ते काम ग्रंथपालाचे नाही तर कोणाचे? जगभरचे ग्रंथपाल २०१६ पासून जानेवारीत एकेक संदर्भ जोडण्याचा उपक्रम करतात. आपल्या फडताळातले पुस्तक काढून पृष्ठ क्रमांकासह संदर्भ देणे तुला रोजच्या कामात सहज जमेल. पण गावाच्या इतिहासाचे मूळ टिपण तेथे लिहू नकोस. तेथे अप्रकाशित संशोधन चालत नाही, आणि तुझ्या वाक्यावरून उद्या दुसरा कोणी हात फिरवील, तो त्याचा अधिकारच आहे. टिपण आधी घरात लिही, छाप, त्यावर दाखल क्रमांक चढव, मग त्याचा आधार इतरांना घेऊ दे.

राहिला ब्लॉग. १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या प्रतिमेला हार आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचा समूहफोटो, एवढ्यासाठी ब्लॉग काढणार असशील तर काढू नकोस. त्याला महाविद्यालयाचा वार्षिक अंक पुरे आहे. तुमच्याकडे दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत असे तू मागे सांगितले होतेस. ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून मराठीतले कितीतरी लेखन फक्त दिवाळी अंकांत पडून आहे, आणि आपली तालिका अंकाचे नाव आणि वर्ष सांगून गप्प बसते. आत कोणाचा लेख आहे, हे तिला ठाऊक नसते. तू रोज एका अंकाची अनुक्रमणिका घे: लेखक, शीर्षक, पृष्ठे, आपल्याकडच्या प्रतीचा क्रमांक, पाने फाटली असतील तर तेही. आधी तक्त्यात भर, मग तोच मजकूर लेखकाच्या नावाच्या लेबलासह ब्लॉगवर टाक. क्रम उलटा करू नकोस. कितीही घाई असली तरी नाही. थेट ब्लॉगवर टंकून ‘नंतर उतरवून घेऊ’ म्हणणाऱ्यांचे तक्ते मी कधी पुरे झालेले पाहिलेले नाहीत.

समितीला दाखवायला हे सारे पुरेसे आहे का, असे तू विचारशील. समिती दोन दिवस असते, तुझी मुले तीन वर्षे असतात. त्यातून काय ते समज. आधी विकी बसव, मग दिवाळी अंकांचा तक्ता, मग ब्लॉग. फीड या दरम्यान केव्हाही घेता येतील. प्राचार्यांना द्यायच्या टिपणाचा मसुदा मला पाठव. त्यात पदनामाचे ईमेल, दुसरा प्रशासक आणि दरमहा प्रत काढण्याची जबाबदारी कोणाची, हे पहिल्या परिच्छेदात येऊ दे, आणि रंगसंगतीचा परिच्छेद काढून टाक.

तुझा,
सर