माझे आजोबा माजी सैनिक आणि निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या शोकसभेत काय बोलावं?

आजोबांचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय की रविवारी पुण्यात शोकसभा आहे, घरच्यांनी बोलायची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे आणि 'शिस्तप्रिय, देशभक्त, विद्यार्थिप्रिय' यापुढे कागदावर काही उतरत नाहीये. हे तीन शब्द खोडून टाका. खोटे नाहीत ते, पण कुणाच्याही शोकसभेत चालतात. आजोबांच्या हाताला काय येत होतं ते सांगा. फौजेत शिकलेलं काय त्यांनी वर्गात आणलं, एवढं सापडलं तरी तुमचं भाषण उभं राहील.

इतकं ठाम सांगतोय, कारण खडकीच्या आमच्या शाळेत गणिताला असेच एक सर होते. बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या पूल-रस्ते बांधणाऱ्या अभियंता दलातून, हवालदार म्हणून बाहेर पडलेले. बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली, मग बी.एड. केलं आणि निवृत्तीपर्यंत एकाच शाळेत शिकवलं. एकरूप त्रिकोणांचा धडा आला की ते वर्ग घेऊन होळकर पुलाजवळ मुळेच्या काठावर जायचे आणि म्हणायचे, "नदी न ओलांडता तिची रुंदी सांगा."

पलीकडचं एक बाभळीचं झाड धरायचं. त्याच्या बरोबर समोर, आपल्या काठावर एक खुंटी. तिथून काठाकाठानं वीस पावलांवर दुसरी, आणखी वीस पावलांवर तिसरी. तिसऱ्या खुंटीपासून नदीकडे पाठ करून, काठाशी काटकोन धरून सरळ चालत सुटायचं. मधली खुंटी आणि पलीकडचं झाड एका रेषेत दिसलं की थांबायचं. जेवढं चाललात तेवढी नदीची रुंदी. "समोर शत्रू असताना पूल टाकायचाय, टेप घेऊन पलीकडे कोण जाणार?" असं सर विचारायचे, आणि ज्या पोरांना फळ्यावरचे त्रिकोण कधी कळले नव्हते, त्यांना ते तिथे कळायचे. काटकोनासाठी त्यांच्या पिशवीत दोरी असायची, सारख्या अंतरावर गाठी मारलेली. तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण ताणला की काटकोन तयार.

सरांच्या शोकसभेत बरेच जण बोलले. माझ्या लक्षात राहिला तो बोपोडीचा एक गवंडी. दहावीला नापास झालेला सरांचा विद्यार्थी. तो उठला, म्हणाला, "पाया आखताना मी अजून सरांची दोरी ताणतो. गुण्या (कोपऱ्याचा काटकोन) चुकत नाही." आणि खाली बसला.

लढायांबद्दल सर फारसं बोलत नसत. पासष्ट आणि एकाहत्तर, एवढे दोन आकडे. पराक्रमाची गोष्ट मागितली तर स्वतःची नाही, राम राघोबा राणे यांची सांगायचे. ते याच बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर, जखमी असूनही, रणगाड्यांच्या पुढे राहून सुरुंग आणि अडथळे काढत गेलेले आणि हयातीत परमवीर चक्र मिळालेले. "त्यांनी रस्ता मोकळा केला," हे वाक्य सर हळू, शब्द सुटे करून म्हणत.

एक गोष्ट मात्र ते दर पावसाळ्यात सांगायचे, पानशेतची. नुकतेच भरती झाले होते. धरणाची भिंत खचायला लागली तेव्हा जवान वाळूच्या गोण्या भरून रात्रभर तिथे रचत होते, त्यांत सरही. १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटलंच. पण त्या रात्रीच्या कामामुळे पाणी दिवसाउजेडी शहरात आलं, अंधारात आलं असतं तर नदीकाठच्या पेठांत कितीतरी जास्त माणसं गेली असती, असं पुण्यातली जुनी माणसं आजही सांगतात. सर एवढंच म्हणायचे की गोण्या भरताना हात थांबवायचा नसतो.

तुमचे आजोबाही युद्धाबद्दल गप्पच असायचे, असं तुम्ही लिहिलंय. मग कृपा करून त्यांच्या तोंडी लढाई घालू नका. सभेत त्यांचे जुने सोबती बसलेले असतील, त्यांना ते लागेल. त्याऐवजी घरातली मेडलं बाहेर काढा. त्यांच्या कडेवर किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन बघा. समर सेवा स्टार असेल तर १९६५ ला ते युद्धक्षेत्रात होते. नुसतं रक्षा मेडल असेल तर त्या वेळी सेवेत होते. १९७१ साठी 'पूर्वी स्टार' आहे की 'पश्चिमी स्टार', त्यावरून पूर्व की पश्चिम आघाडी ते कळतं. संग्राम मेडलही १९७१ च्याच युद्धाचं. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर धातूची पट्टी असते, तिच्यावर भाग लिहिलेला असतो: जम्मू-काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल), हिमालय. डिस्चार्ज बुक सापडलं तर उत्तमच, त्यात युनिट आणि भरतीची तारीख मिळेल. नाही सापडलं तर पेन्शनचे कागद बघा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

शाळेच्या बाजूनं काम सोपं आहे. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न टाका: "आजोबांनी शिकवलेलं तुम्ही अजून काय करता?" 'आठवणी सांगा' असं लिहू नका, त्याला सगळे 'फार थोर शिक्षक' असंच उत्तर देतात. आलेल्यांतली दोन उत्तरं निवडा, आणि देणारे सभेला येणार असतील तर त्यांनाच बोलू द्या. तुम्ही पाच मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नका. सुरुवातीला त्यांचा हुद्दा आणि युनिट स्वच्छ उच्चारा, फौजी माणसाला त्याचं मोल फार असतं. आजी हयात असतील तर भाषण आधी त्यांना वाचून दाखवा. तारखा त्या दुरुस्त करतील, आणि बहुतेक एखादी गोष्ट अशी सांगतील जी अजून घरात कुणी ऐकलेली नाही.

मेडलांवरची अक्षरं किंवा फितींचे रंग ओळखता आले नाहीत तर इथेच खाली लिहा. शनिवारपर्यंत मी बघून सांगतो.