अंगण-परसातले प्रश्न

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक. पैठणजवळ नाथसागराच्या फुगवट्यालगत तीन गुंठ्यांत घर बांधलंय. समोर पक्षी अभयारण्य. जावई कोकणातले, ते म्हणतात, सुरू आणि नारळ लावा, समुद्रकाठासारखं दिसेल. हिला लॉन हवंय. शेजारी म्हणतात, कुंपणाला बेशरम लावा, फुकटात होतं. तुम्ही काय लावाल?

उत्तर : सर, आधी शेजाऱ्यांचं. बेशरम नकोच. हे मी शहाणपणाने नाही, ठेच लागून सांगते. आमच्या मळ्याच्या बांधावर मीच लावली होती. तिचा तुकडा पाण्यात वाहत गेला तरी जिथे अडकेल तिथे मुळं धरतो. तिसऱ्या पावसाळ्यात खालचा ओढा दिसेनासा झाला. तुमच्या कुंपणाखाली तर थेट धरण आहे. 1986 साली अभयारण्य झालेला हा जलाशय, हिवाळ्यात पट्टेरी कलहंस उथळ काठावर उतरतात. तो काठ बेशरमीने भरला तर ते उतरणार कुठे? घाणेरीही नको; तिची फळं पाखरं खातात आणि बी लांबवर पेरतात.

जावईबापूंना सांगा, कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरूसुद्धा माणसानेच लावलेला. तिथल्या वाळूचे खरे रहिवासी मर्यादवेल, केवडा, उंडी. ते तिथेच शोभतात. आपल्याकडे समुद्राची वाळू नाही, काळी माती आहे : पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून मोठं झाड भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब ठेवा, नाहीतर मुळं ओल ओढतात, माती आकसते आणि भिंतीला तडे जातात. एक कडुनिंब किंवा करंज पुरे.

कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी, आलटून पालटून. दोन्हीला शेळी तोंड लावत नाही, आणि तुमच्या भागात शेळ्या किती, ते तुम्ही जाणताच. मधून मधून कोरांटी घाला, काट्यांमुळे कुंपण घट्ट होतं. समोर मात्र तरवड लावा. माळरानावर उगवतो म्हणून लोक नाक मुरडतात. पूर्वी कातडी कमवायला त्याची साल वापरत, आता कुणी विचारत नाही. पिवळ्याधमक फुलांनी तो असा फुलतो की बोगनवेल विसराल. एखादी रुई आपोआप आली तर उपटू नका, बिबळ्या कडवा फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं.

लॉनचं वहिनींना मीच सांगते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात माझं लॉन जळालं आणि मी ते परत लावलं नाही. त्या जागी मारवेल गवत राहू दिलं. वर्षातून दोनदा कापते, गाय खुश.

खड्डे दोन फुटांचे, त्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत. निव्वळ काळ्या मातीत श्रावणात पाणी तुंबून मुळं सडतात. रोपं पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावा, पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, मग सोडून द्या. समोर पाखरांची वस्ती आहे, म्हणून गच्चीवर मोठा पांढरा दिवा लावू नका. व्हरांड्यात एक छोटा, खाली तोंड केलेला दिवा पुरे.

तरवडाचं बी विकत घेऊ नका. माळावर शेंगा वाळल्या की मूठभर आणा. कवच कठीण असतं. गरम पाण्यात रात्रभर ठेवून मग पिशवीत पेरा.