विहीर चुलतभावाची, आकडा मुलीचा

सप्रेम नमस्कार,

तुमच्या दोन पानी पत्रात 'आम्ही ठरवलंय' चार वेळा आलं. मुलीला काय वाटतं, ते एकदाही नाही.

वाचकांसाठी थोडक्यात. मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिनं मैत्रिणीला घेऊन ऊसपट्ट्यातल्या आपल्याच गावच्या बावीस विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजलं. एका विहिरीचा आकडा लिटरला ७८ मिलिग्रॅम आला. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार ४५ पर्यंतच चालतं. विहीर निघाली चुलतभावाची आणि भावकीत बोलणं बंद झालं. वडील विचारतात, तेवढा एक आकडा गाळायला तिला समजवाल का? आणि उरलेल्यावर आठ हजार भरून 'आंतरराष्ट्रीय' जर्नलमध्ये पेपर छापला, तर पुढे उपयोग होईल का?

मी तिला समजावणार नाही. विहीरमालकाचं नाव अहवालात नकोच, 'विहीर क्र. १४' एवढं पुरे. नाव झाकता येतं, आकडा गाळता येत नाही.

पण मला खरी धास्ती दुसऱ्याच ओळीची वाटली. चुलतभावाच्या घरी तीन महिन्यांचं नातवंड आहे, त्याला वरचं दूध लागतं आणि 'पाणी उकळूनच देतात', असं तुम्ही सहज लिहून गेलात. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला अशा पाण्यात कालवलेली दुधाची पावडर दिली, तर रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घटू शकते, बाळ निळसर पडू शकतं. आकडा पक्का व्हायची वाट न बघता आजच त्या घरी जा. बाळाचं पाणी तेवढं दुसरीकडून आणायला सांगा. रुसवेफुगवे नंतर बघू.

आता पेपरचं. पैसे भरून पाच दिवसांत 'स्वीकारलं' असं कळवणारं जर्नल म्हणजे छापखाना. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मे २०१८ मध्ये आपल्या मान्य जर्नलांच्या यादीतली ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढून टाकली होती. नाव छापून आलं की संशोधन झालं, हा समज कॉलेजांनीच पसरवलाय, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. मुलाखतीत जाणकार माणूस पहिला प्रश्न विचारणार, 'बाटली कशी भरलीस?' तिला सांगता येईल: त्याच पाण्यानं दोनतीनदा विसळून, बर्फात ठेवून, दोन दिवसांच्या आत तपासली. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) २२० नॅनोमीटरला रीडिंग घेतलं, मग २७५ ला घेऊन सेंद्रिय पदार्थांचा हिशेब वजा केला. आठ हजारांत हे विकत मिळत नाही.

मुलीलाही दोन शब्द ऐकवतो. एका दिवसाच्या एका बाटलीवर गावात बोभाटा करायचा नसतो. पावसाळ्यानंतरचा आकडा आणि मे महिन्यातला आकडा वेगळा निघू शकतो. पुन्हा नमुना घे, जोडीला एक बाटली भूजल यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत दे. आणि विहिरीपासून उकिरडा किती पावलांवर आहे, वरच्या उसाला युरिया किती पडतो, हे वहीत लिही. नायट्रेट कुठून आलं, हा प्रश्न तू अजून विचारलेलाच नाहीस. खरा प्रोजेक्ट तोच.

बाकी वाटा तुम्हाला ठाऊक आहेत: एमएस्सीसाठी जॅम किंवा सीयूईटी या प्रवेशपरीक्षा, नाहीतर एमपीएससी. कॉलेजात चौथं वर्ष संशोधनासह असेल आणि सहा सत्रांत साडेसात सीजीपीए असेल, तर तेही बघा. विद्यापीठांच्या 'आविष्कार' स्पर्धेत हा विषय शोभेल. आयआयटी मुंबईत १९८५ पासून 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे; तिथली मुलं गावोगावच्या पाण्यावरच काम करतात. म्हणजे 'विहिरी हिंडणं' हा पोरखेळ नाही. (हा शब्द तुमचाच.)

चुलतभावाकडे आकडा घेऊन तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा. आणि मे महिन्यात बर्फाची पेटी मांडीवर धरून तिला मागे बसावं लागेल. गाडी तुम्ही चालवा.