मागच्या माणसाला ऐकू जातं का?

या महिन्यात आवाजाबद्दल बरीच पत्रं आली. पारोळ्याच्या पत्राला उत्तर मोठं झालंय, पण विषयच माझ्या जवळचा आहे.

प्रश्न : नाना, माझे मामा 1971 ते 79 अमेरिकेत नोकरीला होते. लग्नकार्यात चार माणसं बसली की ते सांगतात, 1973 साली एका गाण्याच्या कार्यक्रमाला मोकळ्या मैदानात सहा लाख माणूस जमलं होतं आणि मी त्यात होतो. घरातले सगळे हसतात, म्हणतात मामा फेकतात. सहा लाख लोकांना एक गाणारा ऐकू कसा जाईल? तुम्ही पण त्या काळात तिकडं शिकायला होतात म्हणून विचारतो. (एक वाचक, पारोळा)

उत्तर : भाऊ, मामांना हसू नका, ते खरं सांगताहेत. मी पण तिथंच होतो. वॉटकिन्स ग्लेन, न्यूयॉर्क राज्यात आहे, शहरापासून लांब, तळ्यांच्या भागात. मोटारींच्या शर्यतीचं मैदान. तारीख 28 जुलै 1973, शनिवार. तिकीट होतं दहा डॉलर, विकली गेली दीड लाख, आणि माणूस आलं सहा लाखाच्या आसपास. तेव्हा आपल्या जळगाव शहराची वस्ती लाखाच्या आसपास होती, म्हणजे सहा जळगावं एका उतारावर येऊन बसली असं समजा.

मी ऑगस्ट 72 ला तिकडं गेलो होतो, इलेक्ट्रिकल शिकायला. आम्ही चौघं एका वर्गमित्राच्या जुन्या गाडीतून गुरुवारी रात्रीच निघालो तरी पुढं रस्ता असा तुंबला की लोक गाड्या कडेला लावून सरळ पायी चालायला लागले, आम्ही पण लावली आणि दहा-अकरा किलोमीटर चालत गेलो, खांद्यावर घोंगड्या आणि माझ्या पिशवीत आईनं ट्रंकेत घालून दिलेल्या बिबड्यांतले शेवटचे आठ-दहा बिबडे. वारीला निघाल्यासारखं वाटत होतं हो, अनोळखी माणूस पाणी पाजत होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खायचं संपलं तेव्हा ते बिबडे आम्ही शेकोटीवर भाजले आणि शेजारच्या घोळक्यात वाटले. ज्वारीचा पापड तिथं कुणी पाहिलाच नव्हता, पण एक तुकडा उरला नाही.

वाजवणारे तीन होते. ग्रेटफुल डेड, द बँड आणि ऑलमन ब्रदर्स बँड. शुक्रवारी नुसतं साऊंड चेक करायचं होतं, पण समोर एवढं माणूस आधीच बसलेलं बघून तिघांनीही तो दिवस वाजवण्यातच घालवला, ते वेगळं. शनिवारी दुपारी डेडनं सुरू केलं ते मध्ये थांबत थांबत संध्याकाळपर्यंत, मग द बँड, आणि रात्री ऑलमन, त्यानंतर तिन्हीतले लोक एकत्र वाजवत बसले.

आता तुमचा खरा प्रश्न, ऐकू कसं गेलं. इथं मला आमच्या वडिलांचं सांगायला लागेल. अमळनेरला आमचा माईकचा धंदा. एक आहुजाचं मशीन, दोन भोंगे, बॅटऱ्या आणि एक सायकल, एवढ्यावर वडील सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात माईक लावायचे, तमाशाच्या कनातीत लावायचे, पुढाऱ्यांच्या सभा करायचे. मशीन सुरू केलं की मला मशीनजवळ बसवून ते स्वतः गर्दीच्या पार मागं, बैलगाड्या सोडलेल्या असायच्या तिथवर चालत जायचे आणि कान देऊन उभे राहायचे. परत आले की एकच वाक्य, 'मांगे बठेल मानूसले आयकू येवाले जोयजे.' म्हणजे मागं बसलेल्या माणसाला ऐकू यायला पाहिजे. पुढच्याला तर उघड्या तोंडानं बोललं तरी ऐकू जातं म्हणायचे.

पण नुसता मागं भोंगा लावला की एक भानगड होते, ती ज्यांनी यात्रा ऐकलीय त्यांना ठाऊक आहे. तारेतून आवाज मागच्या भोंग्याला त्याच क्षणी पोचतो, आणि स्टेजवरचा आवाज हवेतून रमतगमत येतो, सेकंदाला साधारण 1130 फूट. म्हणजे सहाशे फुटांवर बसलेल्याला एकच शब्द दोनदा, अर्ध्या सेकंदाच्या फरकानं. बोलणं कसंबसं कळतं, गाण्याचा तर चिखल होतो. वडिलांकडं त्याला इलाज नव्हता, ते भोंग्यांची तोंडं फिरवून फिरवून काम भागवायचे.

वॉटकिन्स ग्लेनला मी तो इलाज पहिल्यांदा पाहिला. स्टेजपासून दोनशे फुटांवर स्पीकरचे टॉवर, परत चारशे फुटांवर, परत सहाशे फुटांवर. आणि प्रत्येक ओळीला जाणारा आवाज मुद्दाम उशिरा सोडलेला. दोनशेवाल्याला 0.175 सेकंद, चारशेवाल्याला 0.35, सहाशेवाल्याला 0.525. न्यूयॉर्कच्या इव्हेंटाइड कंपनीची डिजिटल डिलेची मशीनं होती, आवाजाचे आकडे करून क्षणभर धरून ठेवायची आणि मग परत सोडायची. 1973 साली, विचार करा! हवेतला आवाज टॉवरपाशी येतो त्याच वेळी टॉवर बोलतो, बसलेल्याला कळतही नाही की टॉवर वाजतोय.

आम्ही सहाशेच्या पण मागं होतो. स्टेज काडेपेटीएवढं दिसत होतं, वाजवणारे तर दिसतच नव्हते, पण गिटारची एकेक तार सुटी ऐकू येत होती. मी उठून चारशेच्या टॉवरखाली गेलो तर तिथं एक माणूस डोळे मिटून उभा, मान जरा वाकडी, कान टॉवरकडं. अगदी वडील उभे राहायचे तसाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. त्या दिवशीच ठरलं की शिकून झालं की अमळनेरला परत जायचं आणि हेच करायचं.

सहाच्या सहा लाखांना नीट ऐकू गेलं असं मी म्हणणार नाही. टॉवरच्या फार मागं जे होते त्यांना नुसती घुमघुम, आणि हजारो लोक तर मैदानापर्यंत पोचलेच नाहीत. पण आठ वर्षं आधीचं बघा. 1965 ला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये वाजवून गेले, 55,600 लोक होते, गिटारला शंभर वॅटचे अँप्लिफायर आणि गाणं स्टेडियमच्या अनाउन्समेंटच्या स्पीकरवरून. पोरींच्या किंकाळ्यांपुढं लोकांना काही ऐकू आलं नाही आणि वाजवणाऱ्यांना स्वतःचं पण नाही. तिथपासून हे इथवर आलं होतं.

आणि पुढच्या वर्षी तर कमाल झाली. 6 ऑगस्ट 1974, जर्सी सिटीचं रूझवेल्ट स्टेडियम, परत ग्रेटफुल डेड. कार्यक्रम 2 तारखेला होता, पावसानं चार दिवस पुढं गेला. या वेळी टॉवरच नाहीत. वाजवणाऱ्यांच्या पाठीमागं स्पीकरची तीन मजली भिंत, वॉल ऑफ साऊंड म्हणायचे तिला, सगळं मिळून सुमारे 75 टन वजन. प्रत्येक वाद्याचे स्पीकर वेगळे. मी लवकर जाऊन पुढं घुसलो होतो, मला माईक बघायचे होते. कारण स्पीकर माईकच्या मागं असले की काय होतं हे माईकवाल्याच्या पोराला सांगायला नको, शिट्टी मारणार म्हणजे मारणार. तर प्रत्येक गाणाऱ्यापुढं एकावर एक असे दोन माईक बांधलेले, आणि दुसऱ्याची जोडणी उलटी. भिंतीचा आवाज दोन्हीत सारखाच शिरतो आणि एकमेकाला खाऊन टाकतो, गाणारा मात्र वरच्या माईकला ओठ टेकवून गातो म्हणून फक्त त्याचाच आवाज पुढं जातो. मी घरी वडिलांना चार पानी पत्र लिहिलं होतं आकृती काढून. ती भिंत लावायला-काढायला इतकी माणसं आणि ट्रक लागायचे की त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी ती बंद केली. मला आजही वाटतं त्याहून स्वच्छ आवाज मी कधी ऐकला नाही.

तेव्हा मामांना विचारा ते कोणत्या टॉवरजवळ बसले होते, आणि मला कळवा.

प्रश्न : नाना, माझा छोटा साऊंडचा धंदा आहे, यात्रा आणि कीर्तन सप्ताह करतो. 120 मीटर मागं दोन टॉप (स्पीकर) लावले की मागचे लोक म्हणतात आवाज डबल येतो. मिक्सरमध्ये डिले आहे पण किती टाकायचा? (यावल तालुका)

उत्तर : वरचं उत्तर वाचलं असशील तर अर्धं काम झालं. अंतर भागिले आवाजाचा वेग. पण पुस्तकातला 343 मीटर हा वेग 20 अंशाला असतो रे भो, आपल्याकडं 20 अंश कधी असतात! मे महिन्यात दुपारी 42 ला तो साधारण 356 होतो, रात्री 28 ला 348. म्हणजे तुझ्या 120 मीटरला दुपारी 337 मिलिसेकंद आणि रात्री 345. त्यावर आणखी 10-15 टाक, म्हणजे स्टेजचा आवाज किंचित आधी पोचतो आणि माणसाला वाटतं महाराज समोरूनच बोलताहेत. दुपारी सेट केलेलं रात्री तसंच ठेवू नको, परत मागं जाऊन ऐक. आणि मागच्या टॉपचा आवाज वाढवायचा मोह आवर, पुढच्याचा आवाज मागं जेवढा येतो त्याच्या बरोबरीला ठेवलास तरी पुरतं.

प्रश्न : मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढं दोन तास नाचलो, दोन दिवस झाले कानात शिट्टी वाजतेय. जाईल का? (जळगाव)

उत्तर : आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा, थांबू नको. माझ्या डाव्या कानात 1976 पासून शिट्टी आहे. एका स्टेडियममध्ये हौसेनं स्पीकरला चिकटून उभा राहिलो, तीन दिवस नीट ऐकू येईना, मग ऐकू यायला लागलं पण शिट्टी राहिली ती राहिलीच, रात्री सगळं शांत झालं की जास्त. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनला चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावर द हू या बँडचा आवाज शंभरेक फुटांवर 126 डेसिबल मोजला होता आणि गिनेस बुकात रेकॉर्ड म्हणून गेला. पुढं गिनेसनं तो प्रकारच बंद केला, लोक कान घालवून घेतील म्हणून. हिशेब लक्षात ठेव. 85 डेसिबलला आठ तास चालतात, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. 100 ला फक्त पंधरा मिनिटं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल कमी होतात, म्हणून नाचायचंच तर लांब नाच, आणि मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात ते घाल. यात लाज कसली.

प्रश्न : आपल्याकडं तेव्हा असं काही होतं का? (धुळे)

उत्तर : एवढं मोठं नाही. मुंबईला धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्यावरचंच थिएटर ते, 1978 ला जॅझ यात्रा सुरू झाली, आणि मार्च 1980 ला द पोलीस हा इंग्लंडचा बँड तिथं वाजवून गेला. मी तेव्हा यात्रा आणि सभांमध्ये गुंतलो होतो, जाणं झालं नाही.

प्रश्न : नाना, तुमच्या आठवणींत सगळे पुरुषच असतात. अशा कार्यक्रमांना तिकडं बायका-मुली जायच्या का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : ताई, जायच्या, भरपूर. आमच्या चौघांत एक मुलगी होती, आमच्याच लॅबमधली, गाडीतला रेडिओ दुरुस्त तिनंच केला. हाल मात्र बायकांचेच जास्त, एवढ्या माणसांना संडास पुरेसे नव्हते आणि पाऊस झाल्यावर सगळा चिखल, ती रात्र तिनं कशी काढली हे तिनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

तुमच्या प्रश्नावरून आईची आठवण आली. आमच्याकडं घरच्या बायका तमाशाच्या कनातीत जात नसत. पण रात्री आई, काकू, शेजारच्या सगळ्या जेवणं आटोपून धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जाऊन बसायच्या. दिवसा तापलेल्या जमिनीवरून आवाज वर उडून जातो, रात्री जमीन निवली की तोच आवाज खाली वाकून लांब लांब जातो, म्हणून नदीतला तमाशा गावभर ऐकू यायचा. आईला अख्खे वग पाठ होते, एकही न बघता. आणि वडील दोन भोंग्यांतला एक दर वेळी गावाकडं तोंड करून बांधायचे. फडवाले म्हणायचे बाहेर कशाला आवाज घालवता, तिकिटं कमी खपतात, तरी ते फिरवायचे नाहीत.

77 ला परत आलो तेव्हा मी त्याच धाब्यावर बसून आईला वॉटकिन्स ग्लेनचं सगळं सांगितलं. गर्दी किती, टॉवर कुठं, हे तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, पाऊस आला तेव्हा काय केलं रे वाजवणाऱ्यांनी? मी सांगितलं, तेव्हा वाजवत होते ते द बँडवाले निम्म्यात थांबले, सगळे आडोशाला गेले, आणि मग त्यांच्यातला दाढीवाला ऑर्गन वाजवणारा, गार्थ हडसन, एकटाच येऊन बसला आणि त्या गडगडाटात वाजवायला लागला, आम्ही घोंगडी डोक्यावर धरून भिजत ऐकत होतो, ढग कुठला आणि ऑर्गन कुठला कळेना. आई म्हणाली, तुम्ही मागं होता ना, तुम्हाला आलं का ऐकू? आलं म्हटलं. मग ती खाली चहा ठेवायला गेली.