दरीत उतरण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. बचाव पथकात यायची इच्छा तू पहिल्या ओळीत लिहिली आहेस आणि दुसऱ्याच ओळीत विचारले आहेस की, दोरावरून दरीत उतरायला किती महिन्यांनी मिळेल. मला हसू आले, कारण पंचवीस वर्षांपूर्वी मीही नेमके हेच विचारले होते आणि त्यावर आमच्या म्होरक्यांनी काही न बोलता माझ्या हातात स्ट्रेचरचे मागचे टोक दिले होते. पुढची दोन वर्षे ते माझ्याकडेच राहिले.

सह्याद्रीतले बचावकार्य म्हणजे मुख्यतः वाहून आणणे असते. कड्यावरून उतरतात एक किंवा दोघे. वर अँकर (दोर कड्याला जिथे पक्का बांधतात तो आधार) सांभाळायला, दोर सोडायला आणि नंतर सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यातून, ओढ्यातून, कारवीच्या रानातून जखमीला गाडीरस्त्यापर्यंत आणायला मात्र वीस-पंचवीस माणसे लागतात. सहा जण स्ट्रेचर धरतात, उताराला मागून दोर बांधून कोणीतरी तो रोखून धरतो, पुढचा माणूस वाटेतला प्रत्येक दगड मोठ्याने सांगत चालतो आणि दर काही मिनिटांनी हात बदलावे लागतात. जी वाट तू पाऊण तासात उतरशील, तिला पावसाळी रात्री चार तास लागू शकतात. तेवढा वेळ जखमी माणूस आडवा पडून तुमचे चेहरेच पाहत असतो, हे लक्षात ठेव.

माझ्या पहिल्याच पावसाळ्यात एका किल्ल्याच्या नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत, एक मुलगा पाय मोडून पडला होता. बाकीचे सोबती दोर बाहेर काढेपर्यंत मला धीर निघाला नाही. शेवाळलेल्या कातळावरून मी तसाच पुढे गेलो, घसरलो आणि घोटा मोडून घेतला. त्या दिवशी पथकाला एकाऐवजी दोघांना खाली आणावे लागले आणि आणणारा एक हात कमी झाला. मला कोणी रागावले नाही. तो मुलगा माझ्यामुळे दीड तास उशिरा दवाखान्यात पोहोचला, एवढे म्होरक्यांनी मला घड्याळ दाखवून सांगितले. आधी स्वतःची, मग सोबत्यांची आणि त्यानंतर जखमीची सुरक्षितता हा क्रम बाहेरच्या माणसाला स्वार्थी वाटतो. तो कशासाठी आहे, हे मला माझ्या घोट्याने शिकवले.

शिकण्याचे म्हणशील तर गाठींपासून सुरुवात कर. आठाची गाठ आणि प्रुसिक (ताण आला की मुख्य दोराला घट्ट पकडणारी गाठ) तुला डोळे मिटून, ओल्या दोरावर, गारठलेल्या बोटांनी बांधता आली पाहिजे. बचावासाठी कमी ताणला जाणारा स्टॅटिक दोर वापरतात. चढाईचा ताणणारा दोर वेगळा, आणि दोन्हींची गल्लत करायची नाही. दोरावर पाय देऊ नये असे आम्ही सांगतो, त्यात श्रद्धेचा भाग नाही. मातीचे बारीक कण आत शिरून धागे कापतात. आपल्या बसाल्टच्या कड्यांत भक्कम थरांच्या मधे भुसभुशीत पट्टे असतात, म्हणून खडक कितीही खणखणीत वाटला तरी एका अँकरवर कधीही विसंबू नकोस. पुढे सवड झाली की उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा बेसिक कोर्स कर. ॲडव्हान्स कोर्सनंतरचा शोध आणि बचावाचा कोर्सही तेथे आहे. अर्थात हिमालयाच्या बर्फात शिकलेले सारेच आपल्या चिखलात चालत नाही.

त्याआधी मात्र प्रथमोपचार. हृदय बंद पडले असेल तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबली जाईल असे ३० दाब आणि मग दोन श्वास, हे हातात बसले पाहिजे. उंचावरून पडलेल्याची मान आणि कणा आधार दिल्याशिवाय हलवायचा नाही. साप चावला असेल तर चिरा देणे किंवा घट्ट आवळून बांधणे या दोन्ही गोष्टी टाळून माणसाला शक्य तितके स्थिर ठेवायचे आणि दवाखाना गाठायचा.

मदतीचे कित्येक कॉल तर फोनवरच मिटतात. वाट चुकलेली मुले घाबरून चालत राहतात आणि अंधारात कड्याच्या टोकाशी जातात. त्यांना जागेवर बसवणे, त्यांचे लोकेशन मागवणे, सर्वांचे फोन बंद करवून एकच चालू ठेवायला सांगणे आणि ठरलेल्या वेळी पुन्हा बोलणे, यासाठी शांत आवाजाचा माणूस लागतो. पायथ्याच्या वाडीतल्या ठाकर किंवा कातकरी माणसाला त्या ढोरवाटा नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतात. त्याला नुसता वाटाड्या समजू नकोस. अनेकदा तो आपल्या कितीतरी आधी जखमीजवळ पोहोचलेला असतो.

२०२३ च्या १९ जुलैला रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि खराब हवेमुळे हेलिकॉप्टरचाही उपयोग झाला नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांपासून गिर्यारोहकांपर्यंत साऱ्यांनी पावसात कुदळ-फावड्याने खणले. मदतीला निघालेल्या एका अग्निशमन अधिकाऱ्याचा तो चढ चढतानाच हृदयविकाराने मृत्यू झाला. म्हणून दमसास वाढवण्याबद्दल मी तुझ्यामागे सतत लागणार आहे. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. थांबण्याचा असा निर्णय तुझ्याही वाट्याला येईल, तेव्हा समोर नातेवाईक उभे असतील. त्यांना खोटी आशा दाखवू नकोस आणि त्यांच्याशी वादही घालू नकोस.

कारण सगळे कॉल जिवंत माणसासाठी नसतात. काही वेळा दरीत उतरून फक्त देह वर आणायचा असतो, पोलिसांच्या पंचनाम्यापर्यंत तो झाकून ठेवायचा असतो. त्याचा फोटो काढायचा नाही आणि दुसऱ्याला काढू द्यायचा नाही, यात आमच्याकडे दुसरी संधी नाही. त्यानंतर काही रात्री झोप येत नाही. मी बरीच वर्षे ते कोणाला सांगितले नाही, आणि ती चूकच होती. आता मोहिमेनंतर आम्ही मुद्दाम एकत्र बसतो आणि प्रत्येकाला बोलायला लावतो, आणि गरज वाटली तर डॉक्टरकडेही पाठवतो.

या कामाला मानधन नाही. त्यामुळे नोकरी सोडून किंवा परीक्षा बुडवून यायचे नाही, आणि घरी खोटे सांगून तर मुळीच नाही. प्रत्येक कॉलला तू असलाच पाहिजेस असे नाही. आजारी असताना ‘आज मी येत नाही’ हे कळवणाऱ्याचा मला अधिक भरवसा वाटतो.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला सरावाला ये. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन ठेव, रक्तगट एका कागदावर लिहून आण आणि बुटांचे तळ झिजले असतील तर बदल. चामड्याचे हातमोजेही आण. स्ट्रेचरची दांडी ओली झाली की तळहात सोलतात.

तुझा,
पथकातला एक जुना सभासद