फुलांच्या दुकानाची वेबसाइट: गिऱ्हाईक फोनवर विचारतं तेच लिहा

ताई, तुमची अडचण मला अशी कळली: कोथरूडला फुलांचं दुकान, वेबसाइट होऊन वर्ष झालं, महिन्याला चार लेख पैसे देऊन लिहून घेता. तरी कोणी जवळचं फुलांचं दुकान शोधलं की गूगलच्या नकाशाखाली जी तीन नावं येतात, त्यांत तुमचं नसतं. आमचं दुकान ठाण्यात, वडिलांपासूनचं. त्याच्या वेबसाइटचा मजकूर नऊ वर्षं मीच लिहिते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमचे लेख वाचले. ‘गुलाबाचे प्रकार’, ‘फुलांचं महत्त्व’. त्यात चूक काही नाही, पण दुकानाचं नाव बदललं तर तेच लेख नागपूरच्या दुकानालाही चालतील. जवळपासचे निकाल लावताना तीन गोष्टी बघतो, असं गूगलनेच सांगितलं आहे: शोधलेल्या शब्दांशी दुकानाचा संबंध किती, अंतर किती आणि दुकान किती नावाजलेलं आहे. अंतर आपल्या हातात नाही. नाव व्हायला वेळ लागतो. संबंध मात्र मजकुरातून दाखवता येतो. नकाशातल्या निकालात कधी कधी दुकानाच्या नावाखाली एक बारीक ओळ दिसते, की यांच्या वेबसाइटवर अमुक वस्तूचा उल्लेख आहे. ती ओळ तुमच्या पानावरच्या शब्दांतूनच उचललेली असते.

आता शब्द कुठून आणायचे? गल्ल्याजवळ एक वही ठेवा. महिनाभर फोनवर, व्हॉट्सॲपवर जे जे विचारलं जाईल ते विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून काढा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चकित झाले. आमच्या वेबसाइटवर ‘फ्लोरल ज्वेलरी’ असं पान होतं, आणि वहीत एकाही बाईने तो शब्द वापरलेला नव्हता. सगळ्या विचारत होत्या, ‘डोहाळजेवणाची फुलांची वाडी करून मिळेल का?’

ते पान मी नव्याने लिहिलं. वाडीत काय काय येतं: मुकुट, कानातले, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, हवं असल्यास धनुष्यबाण. खऱ्या फुलांची आणि कापडी फुलांची, दोन्हींतला फरक. उन्हाळ्यात मोगरा भरपूर, थंडीत कमी आणि महाग, म्हणून तेव्हा निशिगंधाच्या कळ्यांची वाडी सुचवतो, हेही लिहिलं. किती दिवस आधी सांगायचं, आदल्या रात्री नेली तर ओल्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कशी ठेवायची, बाईला मोगऱ्याच्या वासाने मळमळत असेल तर काय करतो. शेवटचा प्रश्न एका सासूबाईंनी विचारला होता. असं पान ज्याने वाडी कधी बांधली नाही त्याला लिहिता येणार नाही, आणि शोधणारीला नेमकं तेच हवं असतं. त्या पानावरून येणारे फोन आजही सर्वांत पक्के असतात.

अशी पानं तुमच्याकडे आठ-दहा निघतील. लग्नाचे हार आणि मुंडावळ्या, वरातीची गाडी, मंगळागौरीची पत्री, घरपोच फुलपुडी. एका पानावर एकच काम. पुष्पचक्राचं पान तर नक्की करा आणि ते अगदी साधं ठेवा: फोन नंबर सर्वांत वर, किती वेळात तयार होतं, कुठे पोचवता. ते पान उघडणाऱ्याच्या घरी काय घडलं आहे याचं भान ठेवून लिहा, एक शब्दही जास्त नको.

सणांच्या बाबतीत एक चूक मी तीन वर्षं केली. दर वर्षी ‘गणपती’ पुढे साल लावून नवं पान काढायचे आणि जुनं पुसायचे. पानाने वर्षभरात गूगलवर मिळवलेलं स्थान त्याच्याबरोबर जायचं. पानाच्या वेब-पत्त्यात (लिंकमध्ये) साल घालू नका, पान तेच ठेवा, आतली तारीख बदला. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला, म्हणजे तयारीही तितकी अलीकडे येते. दीड महिना आधी पान ताजं करा: 21 दुर्वांची जुडी, जास्वंद, केवडा, शमी, काय मिळेल आणि काय आधी सांगावं लागेल. दसऱ्याच्या झेंडूचं आणि आपट्याच्या पानांचं तसंच. लग्नाच्या हारांचं पान तुळशीच्या लग्नाआधी तयार हवं, कारण मुहूर्त त्यानंतर सुरू होतात.

भाव लिहायची भीती वाटते हे मला माहीत आहे, बाजार रोज हलतो. तरी ‘साधारण इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं लिहा आणि शेजारी तारीख टाका. तुमचं भावपत्रक सध्या फोटोच्या रूपात आहे, ते मजकुरात उतरवा. फोटोतल्या अक्षरांवर विसंबू नका, ती गूगल नीट वाचेलच असं नाही. फोटो दुकानातल्या तुमच्या कामाचेच हवेत, फोटोमागच्या वर्णनात (वेबसाइटवर फोटोला जोडलेला, एरवी न दिसणारा मजकूर, ‘ऑल्ट टेक्स्ट’) ‘निशिगंध आणि गुलाबाची वरमाला’ असं स्पष्ट लिहिलेलं.

तुम्हाला कोणीतरी वारजे, कर्वेनगर, बावधन, एरंडवणे अशी प्रत्येक भागाची वेगळी पानं करायला सांगितलं आहे. मजकूर तोच आणि फक्त भागाचं नाव वेगळं असेल तर ते करू नका. अशी पानं गूगलच्या नियमांत फसवणुकीत मोडतात. त्यापेक्षा घरपोच सेवेचं एकच खरं पान लिहा: कोणत्या भागात किती वाजेपर्यंतची ऑर्डर त्याच दिवशी पोचते, किती पैसे लागतात, सोसायटीच्या गेटवर काय सांगावं लागतं. गूगलवरच्या दुकानाच्या नावातही ‘पुण्यातील सर्वोत्तम’ वगैरे जोडू नका, पाटीवर आहे तेच नाव ठेवा. नाव, पत्ता, फोन सगळीकडे सारखा हवा.

मराठी आणि इंग्रजी पानं वेगवेगळी ठेवा आणि दोन्ही माणसाने लिहिलेली असू द्या. वेबसाइट बनवणाऱ्याला स्कीमामध्ये (दुकान कशाचं आहे हे गूगलला कळावं म्हणून पानामागे घातलेली माहिती) ‘फ्लोरिस्ट’ हा प्रकार लावायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. सर्च कन्सोल हे गूगलचं वेबसाइटवाल्यांसाठीचं साधन फुकट आहे. लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत येतात ते महिन्यातून एकदा बघा आणि वहीशी ताडून पाहा.

चार लेखांचे पैसे पुढच्या महिन्यापासून थांबवा. आधी वाडीचं पान लिहा, बोलता तसंच. कच्चं असलं तरी मला पाठवा, मी वाचून सांगते.